विजया तेल: मुलांच्या न थांबणाऱ्या फिट्सवर द्यावं का?

मात्रामापक:
‘गांजाच्या झाडापासून फिट्सचं औषध निघालंय, मग आयुर्वेदिक विजया (म्हणजे भांगेचं) तेल द्यायला काय हरकत?’ असं पालक वारंवार विचारतात. माझं मत: देऊ नये. ज्यावर अभ्यास झाले ते हे तेल नव्हेच. ड्रावे सिंड्रोमवरच्या (लहानपणीच सुरू होणाऱ्या हट्टी फिट्सचा आजार) 2017 च्या चाचणीत शुद्ध सीबीडी (गांजातला नशा न आणणारा घटक) दिलं, वजनाच्या किलोमागे रोज 20 मिग्रॅ. महिन्याला 12.4 फिट्स होत्या (मध्यक), त्या 5.9 वर आल्या. प्लासिबोवर (औषध नसलेला नकली डोस) 14.9 च्या 14.1. पुढच्या वर्षी अमेरिकेत एपिडायोलेक्सला (शुद्ध सीबीडीचं औषध) मंजुरी मिळाली. त्याच्या 1 मिलीत 100 मिग्रॅ सीबीडी असतं. सुरुवात किलोमागे 2.5 मिग्रॅ दिवसातून दोनदा, आठवड्यानंतर 5 मिग्रॅ दोनदा. म्हणजे 15 किलोच्या मुलाला दिवसाला 150 मिग्रॅ.

आता तेलाची बाटली बघा. ‘विजया अर्क 3000 मिग्रॅ, 30 मिली’. हे 3000 अर्काचे, सीबीडीचे नव्हेत. सीबीडी आणि टीएचसी (नशा आणणारा घटक) 1:1 असेल तर 150 मिग्रॅ सीबीडीसोबत 150 मिग्रॅ टीएचसी पोटात जाणार. मोठ्या माणसाला भूक लागावी म्हणून देतात ते ड्रोनाबिनॉल (म्हणजे टीएचसीच) 2.5 मिग्रॅपासून सुरू होतं!

निर्गुडी:
हिशेब बरोबर, निष्कर्ष टोकाचा. दोन योग्य औषधं पुरेशा डोसात देऊनही फिट्स थांबल्या नाहीत, तर तिसऱ्याने थांबण्याची आशा फारच थोडी. अशा घरात ‘देऊ नये’ म्हटल्याने तेल थांबत नाही, डॉक्टरांपासून लपवलं जातं, एवढंच. शिवाय हा चोरटा माल नाही. अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याच्या (1985) गांजाच्या व्याख्येत नुसती पानं येत नाहीत. भांग औषध नियमांच्या अनुसूची ई-1 मध्ये आहे, म्हणजे वैद्याच्या देखरेखीखाली घ्यायची. सीबीडी जास्त असलेलं तेल निवडा, बॅचचा लॅब रिपोर्ट मागा, मग द्या.

मात्रामापक:
20:1 चं (सीबीडी 20, टीएचसी 1) तेल घेतलंत तरी 150 मिग्रॅमागे 7.5 मिग्रॅ टीएचसी येतंच, तेही 15 किलोच्या पोराला. आणि लेबलवर किती विसंबायचं? अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी 84 सीबीडी उत्पादनं तपासली (2017), जेमतेम 31 टक्क्यांवर मात्रा बरोबर लिहिलेली होती. 18 मध्ये टीएचसी सापडलं.

खलबत्ता:
दोघेही चालू औषधं विसरताय. क्लोबाझाम (फिट्सचं औषध) सुरू असेल तर सीबीडीमुळे त्यापासून शरीरात बनणारा सक्रिय पदार्थ रक्तात कित्येक पट साचतो. मूल दिवसभर पेंगतं, लाळ गळते, आणि घरचे म्हणतात, ‘तेल लागू पडलं, शांत झालाय!’ इथे क्लोबाझामचा डोस न्यूरॉलॉजिस्टनेच कमी करायचा असतो. व्हॅल्प्रोएट (हेही फिट्सचंच औषध) असेल तर यकृताला धोका: सीबीडी सुरू करण्याआधी, मग 1, 3 आणि 6 महिन्यांनी एसजीपीटी, बिलिरुबिन (यकृताच्या रक्ततपासण्या). नॉर्मलच्या वरच्या मर्यादेपेक्षा एसजीपीटी तिपटीहून आणि बिलिरुबिन दुपटीहून जास्त झालं तर सीबीडी बंद.

जेवणाचंही बघा. तुपातेलाच्या जेवणावर सीबीडी उपाशीपोटापेक्षा चौपट-पाचपट शोषलं जातं. एक दिवस उपाशीपोटी, दुसऱ्या दिवशी पुरणपोळीवर, असं केलंत तर डोस ठरवण्याला अर्थच उरत नाही. थेंब मोजू नका, 1 मिलीची सिरिंज वापरा.

चौकस:
केमोच्या उलट्यांवरही हेच तेल सुचवतात हो.

खलबत्ता:
त्यासाठी आधी ऑन्डान्सेट्रॉनसारखी उलटी थांबवणारी औषधं असतात. ती पुरी पडली नाहीत तरच नॅबिलोनसारख्याचा (टीएचसीसारखं कृत्रिम औषध) विचार, तोही मोठ्यांत. वेगळा धागा काढा, इथे लहान मुलांचं चाललंय.

निर्गुडी:
टीएचसीचा मुद्दा मान्य. लहान मुलासाठी रिपोर्टवर टीएचसी मिग्रॅ प्रति मिलीमध्ये, बॅच नंबरसकट लिहिलेलं नसेल तर बाटली परत करा. पण न्यूरॉलॉजिस्टने ‘असलं काही देऊ नका’ म्हणून विषय तोडला, तर क्लोबाझामचा डोस कमी कोण करणार, एसजीपीटी कोण बघणार? याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

मात्रामापक:
विषय तोडू नये, हे शंभर टक्के. तेल आधीच सुरू असेल तर अचानकही थांबवू नका, फिट्स उसळतात. बाटली आणि रिपोर्ट घेऊन ओपीडीत जा, उतरता डोस तिथे लिहून घ्या. नव्याने सुरू करायला मात्र माझा नकारच.