‘नाट्यरूपांतर’ नेमके कशाला म्हणायचे?

प्रश्न

आमच्या नाट्यमंडळाच्या स्मरणिकेचे मुद्रितशोधन यंदा माझ्याकडे आले आहे. रंगमंचावरून पडद्यावर गेलेल्या आवडत्या नाटकांविषयीच्या एका लेखात पुढील वाक्य आढळले: ‘शिरवाडकरांच्या नटसम्राटचे नाट्यरूपांतर २०१६ साली पडद्यावर आले.’ वाचताक्षणी ते खटकले, परंतु लेखकाला दुरुस्ती सुचवायची तर कारण देता यायला हवे. नाटकाचे रूपांतर ते नाट्यरूपांतर, यात चुकले काय, असे त्यांचे म्हणणे आहे. त्याच लेखात ‘माध्यमांतर’, ‘आधारित’ आणि ‘बेतलेला’ हे शब्दही आलटूनपालटून एकाच अर्थाने आले आहेत. यांत भेद पाळावा काय?

प्रतिसाद

निव्वळ समासाचा विग्रह पाहिला, तर लेखकाचे म्हणणे खोडता येणार नाही. ‘नाट्याचे रूपांतर’ आणि ‘नाट्यात रूपांतर’ असे दोन्ही विग्रह संभवतात. मात्र मराठीत हा शब्द दुसऱ्याच अर्थाने रुळला आहे. विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ कादंबरीवरून ‘रणांगण’ हे नाटक झाले, त्याला आपण नाट्यरूपांतर म्हणतो. मूळ कृती कोठून निघाली हे या शब्दातून कळत नाही, ती कोठे पोहोचली एवढेच कळते. त्यामुळे ‘नटसम्राटचे नाट्यरूपांतर’ असे वाचताच ‘नटसम्राट’ ही आधी कादंबरी होती की काय, असा प्रश्न वाचकाला पडतो. वाक्य खटकण्याचे कारण हेच आहे.

आता ‘अंतर’ या उत्तरपदाकडे वळू. येथे अंतर म्हणजे दोन गोष्टींमधील फरक किंवा लांबी नव्हे. संस्कृतात देशांतर म्हणजे दुसरा देश, तसे रूपांतर म्हणजे दुसरे रूप आणि भाषांतर म्हणजे दुसरी भाषा; मराठीत या शब्दांना बदलाच्या क्रियेचा अर्थ पुढे चिकटला. (जाता जाता, नाटकातले ‘जनांतिक’ या कुळातले नाही. त्यात ‘अंतिक’ म्हणजे जवळ हा शब्द आहे.) या न्यायाने ‘माध्यमांतर’ हा शब्द नीट घडलेला आहे. शिवाय भाषा तीच ठेवून केवळ माध्यम बदलले, हे एका शब्दात सांगण्याची सोय त्यामुळे होते, आणि ‘रूपांतर’ या शब्दात नेमकी तीच सोय नाही.

उदाहरणे घेतली की हे स्पष्ट होते. पु. ल. देशपांडे यांनी शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून १९७५ साली ‘ती फुलराणी’ केले, तेव्हा भाषा बदलली, गाव बदलले, माणसे बदलली. माध्यम मात्र रंगमंचच राहिले. त्याच ‘पिग्मॅलियन’चा १९३८ साली इंग्रजीत चित्रपट झाला. त्यात भाषा कायम राहून माध्यम तेवढे बदलले, आणि त्या पटकथेसाठी खुद्द शॉला ऑस्कर मिळाले. ही दोन्ही कामे एकाच ‘रूपांतर’ शब्दाखाली घातली, तर कोणी काय केले हे कळत नाही. वसंत कानेटकरांच्या ‘अश्रूंची झाली फुले’वरून १९६९ साली ‘आँसू बन गए फूल’ हा हिंदी चित्रपट निघाला. तेथे भाषांतर आणि माध्यमांतर एकाच वेळी घडले आणि नावाचे तर शब्दशः भाषांतर झाले.

या शब्दांच्या सीमा पूर्वीही आजच्यासारख्याच होत्या, असे मात्र मानू नये. आगरकरांनी १८८३ साली ‘हॅम्लेट’ मराठीत आणले, त्यात हॅम्लेटचा चंद्रसेन झाला. आज आपण त्याला निःशंकपणे रूपांतर म्हणू. परंतु ‘विकारविलसित’ या नावाने निघालेल्या त्याच पुस्तकाला आगरकरांनी भाषांतरच म्हटले आहे.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचन मान्य करूनही मी ‘माध्यमांतर’ला थोडा विरोध नोंदवतो. तो शब्द चर्चासत्राच्या निमंत्रणपत्रिकेत शोभतो, स्मरणिकेच्या वाचकाला मात्र तो कोरडा लागेल. ‘नाटकावरून काढलेला चित्रपट’ ही साधी मराठी काय वाईट आहे? आपल्या क्रियापदांनीच हा भेद आधीपासून सांभाळलेला आहे: नाटक बसवतात, चित्रपट काढतात, नाटकाचा प्रयोग होतो, चित्रपटाचा खेळ होतो. ‘पडदा’ या एका शब्दाकडेच पाहा. नाट्यगृहात पडदा बाजूला सरल्याशिवाय काही दिसत नाही, आणि चित्रपटगृहात जे दिसायचे ते पडद्यावरच दिसते.

विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मुळे मला हे विशेष जाणवले. १९७२ सालच्या मूळ प्रयोगात ब्राह्मणांची एक रांग प्रेक्षकांकडे पाठ करून उभी राहिली की तिचा पडदा होई, वळून डोलू लागली की तिचाच नाच होई. माणसांचा हा पडदा रंगमंचासाठीच रचलेला होता. ‘युक्त’ या सहकारी संस्थेने १९७६ साली त्यावरून चित्रपट काढला, मोहन आगाशे यांचा नाना फडणवीस तेथेही होता आणि पटकथाही तेंडुलकरांचीच होती. परंतु कॅमेऱ्याला काही झाकायचे असेल तर तो दुसरीकडे पाहतो, त्याला माणसांच्या भिंतीची गरज लागत नाही. तो चित्रपट मला आवडतो, तरी त्या नाटकाचे ‘रूपांतर’ झाले असे म्हणताना माझी जीभ अडखळते. त्या नाटकाचे रूप म्हणजेच ती रांग होती.

प्रश्नकर्त्याकडून

दोन्ही प्रतिसादांबद्दल आभारी आहे. दुसऱ्या प्रतिसादातील शेवटचे वाक्य वाचून ‘आधारित’ आणि ‘बेतलेला’ यांच्यातील भेदही मला उमगल्यासारखा वाटतो, तो तपासून पाहावा.

‘आधारित’मध्ये आधार आहे, म्हणजे मूळ कृती खाली जशीच्या तशी उभी असावी लागते. सत्यदेव दुबे यांचा १९७१ सालचा ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ मला या अर्थाने आधारित वाटतो. वेळ घालवण्यासाठी मांडलेला खोटा खटला, बेणारेबाईंचा मोडत जाणारा खेळकरपणा आणि सुलभा देशपांडे यांनी केलेली बेणारे, हे सारे नाटकातून आलेले आहे आणि त्यांच्यावाचून चित्रपट उभाच राहत नाही.

‘बेतणे’ हा मात्र शिंप्याचा शब्द आहे. कापड तेच असले, तरी ज्याच्या अंगावर घालायचे त्याच्या मापाने ते कापावे लागते. ‘हॅम्लेट’ काश्मीरच्या मापाने कापून २०१४ साली ‘हैदर’ शिवला गेला, तेव्हा तो ‘हॅम्लेट’वर बेतलेला चित्रपट म्हणणे मला अधिक नेमके वाटते. (‘जिवावर बेतणे’ येथे आड येते, पण ते प्रकरण निराळे.)

घोटाळा होतो तो ‘कट्यार काळजात घुसली’पाशी. दारव्हेकरांच्या १९६७ सालच्या नाटकात कट्यार ही राजगायकाला मिळणारी वस्तू आहे. २०१५ सालच्या सुबोध भावे यांच्या चित्रपटात तीच कथा सांगते, तिला रिमा लागू यांचा आवाज आहे. कथेतले गायक पंडित भानुशंकर यांना रंगमंचावर नव्हती एवढी जागा पडद्यावर मिळाली. अभिषेकीबुवांच्या पदांशेजारी नवी गाणी आली, आणि त्यांतल्या ‘अरुणि किरणी’साठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे आधार शाबूत आहे आणि कापडही नव्याने कापले आहे. आमच्या लेखकांनी तेथे ‘आधारित’ लिहिले होते. मी पेन्सिलीने ‘बेतलेला’ असे केले, मग पुन्हा खोडले. ज्यांनी नाटक आणि चित्रपट दोन्ही पाहिले आहेत त्यांनी कौल द्यावा, कारण छपाईला अजून चार दिवस आहेत.

‘नटसम्राट’चे वाक्य लेखकांनी आता असे मान्य केले आहे: ‘शिरवाडकरांच्या १९७० सालच्या नटसम्राट या नाटकावरून महेश मांजरेकर यांनी काढलेला चित्रपट २०१६ साली प्रदर्शित झाला.’ ‘माध्यमांतर’ फक्त लेखाच्या उपशीर्षकात ठेवले आहे.

तिसरा प्रतिसाद

‘कट्यार’ला माझा कौल ‘आधारित’. कापड कितीही कापले असले, तरी ‘घेई छंद’ सुरू झाले की खालचा आधार ऐकू येतोच.