अनुभव हवेत: घरातले जुने फोटो आणि त्यांतली माणसं

नारायण पेठेतला आमचा वाडा आता पाडायला निघालाय. म्हणून दिवाळीनंतर आत्याकडे माळा रिकामा करायला गेले होते. पितळेच्या डब्यांमागे पत्र्याची ट्रंक, आणि ट्रंकेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेला अल्बम. काळी जाड पानं, मध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला बटर पेपर. उघडला तर निम्म्याहून जास्त जागा मोकळ्या. फोटो नाहीत, पण ते अडकवायचे कागदी चार-चार कोपरे मात्र नीट चिकटवलेले.

मला वाटलं, कुणीतरी काढून नेले. आत्या म्हणाली, "कुणी नाही नेले. नदीने नेले."

१२ जुलै १९६१, बुधवार. पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासल्याचं, आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. घरातले सगळे अंगावरच्या कपड्यांनिशी पर्वतीकडे पळाले. आत्या तेव्हा २३ वर्षांची होती. परत आले तेव्हा घरात नुसता चिखल, आणि त्यात धान्य, गाद्या, पुस्तकं सगळं एक झालेलं. माझ्या पणजीने चिखलातून अल्बम ओढून काढला. ओले फोटो एकमेकांना चिकटले होते. घाईघाईने सोडवायला गेली, तर एका फोटोवरचे चेहरे सुटून दुसऱ्याच्या पाठीला लागले. मग बाकीचे तिने परातीत स्वच्छ पाण्यात सोडले, एकेक सुटा केला आणि दोरीवर वाळत घातला. सतरा वाचले.

पुढे घर थोडं मार्गाला लागल्यावर तिने नवा अल्बम आणला. वाचलेले सतरा लावले आणि गेलेल्या प्रत्येक फोटोसाठीही कोपरे चिकटवून जागा ठेवली, जुन्या अल्बमात होती त्याच क्रमाने. नातेवाइकांकडे एखादी प्रत असेल, मिळेल तशी लावू, असं तिचं म्हणणं. एकही मिळाली नाही.

आत्या आता ८६ वर्षांची आहे. तिने माझ्यासमोर त्या मोकळ्या जागांवर बोट ठेवून सांगायला सुरुवात केली. "इथे दादाची मुंज. मातृभोजन चाललंय, आणि आईचं लक्ष कॅमेऱ्याकडे नाही, दादाच्या पानातल्या तुपाकडे." "इथे मी हुजूरपागा शाळेच्या गॅदरिंगला, मिशी लावून." "इथे अण्णा डेक्कन क्वीनच्या दारात. मुंबईला नाही गेले हं, नुसते चढून उतरले." एकेचाळीस मोकळ्या जागा होत्या. चाळीस तिने सांगितल्या. मी पांढरी पेन्सिल आणून प्रत्येक चौकटीत तिचे शब्द जसेच्या तसे लिहिले. एक जागा तेवढी आठवेना. तिला त्याचा फार त्रास झाला, म्हणून मी विषय बदलला.

तेव्हापासून मला सारखं वाटतंय की आपण फोटो जपतो आणि त्यातलं सांगणारं माणूस मात्र गृहीत धरतो. तुमच्या घरी असं काही सापडलं असेल तर लिहा. फोटो हातात नसला, नुसती आठवण असली, तरी लिहा.

सदाशिव पेठेतून —

आमच्याकडे एक पाठमोरा फोटो आहे. बारा-तेरा वर्षांची मुलगी आरशापुढे बसलेली, वेणीवर फुलांची वाडी भरलेली. पाठ आपल्याकडे, चेहरा आरशात. त्या काळी असे फोटो खूप निघायचे, वेणीही दिसावी आणि तोंडही दिसावं म्हणून. मागे शाईने एक नाव. ते नाव घरात कुणालाच माहीत नाही. आई म्हणायची, शेजारची कुणीतरी असेल. दोनदा तो फोटो टाकून द्यायच्या ढिगात गेला होता.

गेल्या वर्षी आईच्या मामेबहिणीला, म्हणजे माझ्या मावशीला, सहज दाखवला. ती म्हणाली, "अगं, ही तर आजी! हे तिचं माहेरचं नाव." लग्नात ताम्हणातल्या तांदळात नवं नाव लिहिलं गेलं आणि जुनं त्या दिवशी संपलं. ज्या पणजीच्या हातचं आम्ही इतकं कौतुकाने सांगतो, तिचं पहिलं नाव आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. मला फार लागलं ते. आता वंशावळीत मी प्रत्येक बाईची दोन्ही नावं लिहिते. काहींची अजून मिळत नाहीत, तिथे रेघ ओढून जागा ठेवली आहे, तुमच्या पणजीने ठेवली तशी.

खडकीहून —

माझे आजोबा माण तालुक्यातून आले आणि ॲम्युनिशन फॅक्टरीत लागले. भिंतीवर त्यांचा मोठा फोटो आहे, कोट, टाय, रुबाबदार. लहानपणी मी सगळ्यांना सांगायचो, माझे आजोबा साहेब होते. वडील गेल्यावर कागदपत्रं चाळताना आजोबांचा कामावरचा पास सापडला. टपाल तिकिटाएवढा फोटो, खांद्यावरून गोल शिक्का गेलेला, अंगात बिनकॉलरचा सदरा. चेहरा तोच, मान तितकीच कललेली. मग चुलत्यांनी सांगितलं, आजोबा वारल्यावर पासावरचाच फोटो स्टुडिओत देऊन मोठा करून घेतला, आणि कोट-टाय तिथल्या माणसाने रंगवला. "लोकांना बरं दिसावं म्हणून."

मी कोट तसाच ठेवलाय. शेजारी पासाचीही फ्रेम लावली. बत्तीस वर्षं ते तो सदरा घालून सायकलवर कामाला गेले, तोही भिंतीवर असायला पाहिजे.

दांडेकर पुलावरून —

आमच्याकडं जुना फोटोच नाही. ७२ च्या दुष्काळात आजी-आजोबा करमाळ्याकडून पुण्याला आले, त्याआधी कुणी कॅमेरा बघितलेला नव्हता. पण वरचं वाचून सांगावंसं वाटलं.

आजीच्या डाव्या हातावर गोंदलेलं होतं. मनगटाजवळ तुळस, वर तिच्या भावाचं नाव. भाऊ लहानपणीच गेला. त्याचा कागद नाही, फोटो नाही, गावात दाखला नाही. तो होता याचा पुरावा म्हणजे आजीचा हात. मी मोबाईल घेतला तेव्हा पहिल्यांदा तिच्या त्या हाताचाच फोटो काढला. ती म्हणाली, "तोंडाचा काढ की, हाताचा काय काढतो?" मी म्हणालो, दोन्ही काढतो.

आणि तिचा आवाज रेकॉर्ड केला. दुष्काळी कामावर खडी फोडायची, सुकडी मिळायची, मिलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी घशाखाली उतरायची नाही. ती बोलताना मागं कुकरची शिट्टी होते, माझी बहीण कुणाला तरी ओरडते. सुरुवातीला ते आवाज कापून टाकावेत असं वाटायचं. आता आजी नाही, बहीण सासरी. एकही आवाज कापणार नाही.

कर्वेनगरातून —

माझ्या आजीची मोठी मावशी बालविधवा. घरच्या लग्नामुंजीच्या एकाही ग्रुप फोटोत ती नाही. एका फोटोत अगदी डाव्या कडेला खांबावर एक हात दिसतो, बिनबांगडीचा, बाकी माणूस चौकटीबाहेर. आजी ठामपणे सांगायची, ती मावशीच.

पुढे ती हिंगण्याला अण्णासाहेब कर्व्यांच्या आश्रमात शिकली आणि शिक्षिका झाली. तिच्याबरोबर शिकलेल्या बाईंच्या नातीशी ओळख निघाली आणि त्यांच्या घरी आम्हाला हिंगण्याचा एक ग्रुप फोटो बघायला मिळाला. तीन रांगा, सगळ्या नऊवारीत. नावं लिहिलेली नाहीत. आजीने चष्मा पुसला, अर्धा मिनिट बघितलं आणि मधल्या रांगेवर बोट ठेवलं. "माझी आई अशीच उभी राहायची, एका पायावर भार टाकून." त्या फोटोत मावशी बरोबर मध्यभागी आहे.

लक्ष्मी रोडवरून —

तीस वर्षं डार्करूममध्ये काढली, म्हणून कामाचं थोडं सांगतो. फोटोमागे बॉलपेनने लिहू नका, दाबाचा वळ पुढे उमटतो. मऊ शिशाची पेन्सिल, हलक्या हाताने. ८० नंतरचे ते चिकट पानांचे, वर प्लास्टिक असलेले अल्बम सगळ्यांत वाईट, त्यातून फोटो शक्य तितक्या लवकर बाहेर काढा. निघत नसेल तर ओढू नका, दात साफ करायचा दोरा मागून हळूहळू सरकवा. काचेला चिकटलेला फोटो काचेसकट स्कॅन करा. कडांना चंदेरी झाक आली असेल तर ती पुसायला जाऊ नका, फोटोतली चांदीच वर आलेली असते.

आणि कडा कापू देऊ नका. माझ्याच सासूबाईंचे फोटो एका दुकानात स्कॅनला दिले होते. तिथल्या मुलाने नीटनेटके दिसावेत म्हणून खालचा पुठ्ठा कापला. त्या पुठ्ठ्यावर स्टुडिओचं आणि गावाचं नाव छापलेलं होतं. सासूबाईंचं आजोळ नेमकं कुठलं, ते कळायची तेवढी एकच जागा होती. अजून हळहळ वाटते.

नारायण पेठेतून, पुन्हा मीच —

तुम्ही सगळ्यांनी लिहिलेलं मी आत्याला वाचून दाखवलं. खांबावरच्या हाताशी ती थांबली आणि परत वाचायला लावलं. काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला तिचा फोन. "आठवलं गं. ती मोकळी जागा." एवढे दिवस ती त्या फोटोत स्वतःला शोधत होती, आणि ती त्यात नव्हतीच. फोटो तिने काढला होता. दादाचा बॉक्स कॅमेरा पोटाशी धरून, वरून त्या इवल्याशा काचेत बघत. आई, अण्णा, दादा, काकू ओंकारेश्वराच्या घाटावर, मागे नदी. काकूने पदर सावरला आणि त्याच वेळी तिने कळ दाबली.

मी संध्याकाळी पेन्सिल घेऊन गेले. म्हटलं, सांग, लिहिते. तिने पेन्सिल माझ्या हातातून घेतली. हात कापत होता म्हणून मी अल्बम धरून ठेवला. तिने नावं नाही लिहिली, चौकटीच्या खाली एवढंच लिहिलं: "हा मी काढला."