जुन्या मोटरबोटीच्या केबिनचे आतील काम : सुरुवात कोठून करावी?

मुठाकाठ (धायरी, पुणे)

सर्वांना नमस्कार. माझ्या मामांची २१ फुटी फायबरग्लासची मोटरबोट त्यांच्या पश्चात मामींनी मला दिली. बोट १९८७ सालची आहे. ती अनेक वर्षे मांडव्याच्या बाजूला खाऱ्या पाण्यात होती आणि नंतर बराच काळ ताडपत्रीखाली जमिनीवर उभी होती. गेल्या मार्चमध्ये ट्रेलरवरून धायरीला आणून मी ती एका शेडमध्ये ठेवली आहे. इंजिनाचे काम वेगळे सुरू आहे. येथे मला केवळ केबिनच्या अंतर्भागाविषयी विचारायचे आहे.

पुढच्या टोकाला त्रिकोणी बिछाना, उजवीकडे छोटा ओटा, डावीकडे मामांनी स्वतः केलेले सागवानी पट्ट्यांचे कपाट आणि मागे दाराची आडभिंत, अशी रचना आहे. छताला चिकटवलेले रेक्झिन लोंबू लागले असून त्याला हात लावताच मागच्या फोमची पिवळी भुकटी गळते. खिडक्यांखालच्या प्लायवर काळे डाग पडले आहेत, गाद्यांना कुबट वास येतो आणि पावसाळ्यात केबिन बंद ठेवली की दोन दिवसांत सर्वत्र बुरशी धरते.

ओळखीच्या सुतारांचे म्हणणे असे की, जुन्या भिंतींवरच ६ मिमी प्लाय ठोकून वर सनमायका लावावा, म्हणजे आठवड्यात काम संपेल. मला मात्र मामांचे लाकूडकाम शक्य तितके राखायचे आहे. हे काम कोणत्या क्रमाने करावे आणि कोणते भाग वाचू शकतील, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनी गोदी (कोथरूड)

नमस्कार. निवृत्त होऊन पुण्यात येण्यापूर्वी मी बरीच वर्षे मुंबईत बोटींच्या दुरुस्तीचे काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो. जुन्या प्लायवर नवी प्लाय ठोकण्याचा विचार कृपया मनातून काढून टाका. घराच्या भिंतीला तसे केलेले कदाचित चालून जाते; बोटीत मात्र दोन थरांमध्ये ओल कोंडते आणि आतले लाकूड कुजत असल्याचे बाहेरून वर्षानुवर्षे कळत नाही. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण साधारण २० टक्क्यांच्या वर राहिले की कुजवणाऱ्या बुरशीला हवे ते सर्व मिळते.

पहिले काम सुतारकामाचे नाहीच, ते धुण्याचे आहे. बोट खाऱ्या पाण्यातली असल्यामुळे केबिनच्या कानाकोपऱ्यांत मीठ बसलेले असणार, आणि मीठ हवेतील दमटपणा ओढून घेते. पृष्ठभाग कोरडा दिसला तरी पहिल्या पावसाळी हवेत तो पुन्हा ओलसर का होतो, याचे एक कारण बहुधा हेच आहे. गाद्या, फळ्या, तळावरची झाकणे असे जे जे सुटते ते बाहेर काढा, प्रत्येक तुकड्याच्या मागे पेन्सिलीने क्रमांक घाला, छायाचित्रे घ्या, आणि मग आतला भाग गोड्या पाण्याने व सौम्य साबणाने दोनदा धुऊन तळात साचलेले पाणी पूर्ण उपसून काढा.

त्यानंतर पाणी येते कोठून, हे शोधा. खिडक्यांच्या चौकटी, छतावरच्या कठड्याचे बोल्ट आणि बोटीच्या कडेची रबरी पट्टी जेथे स्क्रूने बसवली आहे ती रेघ, ही तीन ठिकाणे प्रथम तपासावीत. एकाने विजेरी घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून पाण्याची नळी खालून वर, प्रत्येक जागी पाचेक मिनिटे धरावी. वरून सुरुवात केली तर ओघळणाऱ्या पाण्यामुळे सगळीच जागा गळकी वाटू लागते. आतल्या कडांवर आधी टाल्कम पावडर भुरभुरली तर पाण्याची वाट तिच्यावर स्पष्ट उमटते.

आता सर्वांत महत्त्वाचे. दाराची ती आडभिंत ही फर्निचर नव्हे. या आकाराच्या बोटींत आडभिंत फायबरच्या पट्ट्यांनी सांगाड्याला जोडलेली असते आणि लाटेचा मार बसताना कवचाचा आकार तीच धरून ठेवते. लाकडी मुठीने तिच्यावर खालपासून वरपर्यंत ठोकून पाहा. चांगली प्लाय खणखणीत वाजते, कुजलेली बद्द वाजते. शंका आली तेथे टोकदार स्क्रू-ड्रायव्हर दाबून पाहा. खालची सहा इंच जागा विशेष काळजीने तपासा, कारण प्लायची उघडी कड तळातले पाणी वातीसारखे वर ओढते.

एक कळकळीची सूचना. छताच्या फोमची भुकटी आणि फायबर घासताना उडणारी धूळ यांसाठी एन-९५ मास्क व चष्मा वापरा. परंतु चिकटद्रव्य किंवा थिनर वापरताना तो मास्क पुरेसा नाही, त्यासाठी वाफ शोषणारी काडतुसे असलेला मास्क लागतो. ते काम चालू असताना केबिनमध्ये ठिणगी पाडणारे कोणतेही यंत्र चालू नसावे. या वाफा हवेपेक्षा जड असतात आणि तळात साचून राहतात.

मुठाकाठ

आपले मनःपूर्वक आभार. रविवारी दिवसभर हेच केले. डावीकडच्या खिडकीचा मागचा खालचा कोपरा आणि कठड्याचे दोन बोल्ट गळतात. आडभिंत दाराच्या उजव्या बाजूला तळापासून साधारण ७ इंचांपर्यंत मऊ लागली, स्क्रू-ड्रायव्हर सहज आत गेला. त्याच्या वर मात्र आवाज खणखणीत आहे. कपाट उतरवताना त्याच्या पाठीमागे मामांनी पेन्सिलीने लिहिलेली मापे सापडली, त्यामुळे ते पुन्हा जुळवणे सोपे जाईल. कपाटाच्या सागवानावर स्क्रूंभोवती काळी वर्तुळे आहेत. ते लाकूड गेले असे समजावे काय? आणि संपूर्ण आडभिंत बदलावी लागेल काय?

जुनी गोदी

मऊ भाग एवढाच असेल तर संपूर्ण भिंत काढू नये. कुजलेल्या जागेच्या वर, चांगल्या लाकडात किमान ३ ते ४ इंच जाऊन सरळ रेषेत कापा आणि दोन्ही कडांना जाडीच्या आठपट उतार देऊन नवा तुकडा इपॉक्सीने (रेझिन आणि ते घट्ट करणारे हार्डनर मिसळून होणाऱ्या चिकटद्रव्याने) जोडा. १२ मिमी प्लायला हा उतार ९६ मिमी, म्हणजे जवळजवळ चार इंच होतो. नव्या तुकड्याची खालची कड सांगाड्याला थेट टेकवू नका. मध्ये फोमची पट्टी ठेवा, नाहीतर त्या एका रेषेवर सगळा भार येऊन बाहेरच्या कवचाला तडा जाऊ शकतो. बसवण्यापूर्वी सर्व कापीव कडांना पातळ इपॉक्सीचे तीन हात द्यावेत. प्लाय वाचते ती या कडांमुळे. कोपऱ्यात घट्ट इपॉक्सीचा गोलसर भराव देऊन त्यावर काचेच्या कापडाच्या पट्ट्या, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीपेक्षा रुंद, अशा चढवाव्यात.

येथे स्वस्त पॉलिएस्टर रेझिन वापरण्याचा मोह होईल, परंतु लाकडावर त्याची पकड इपॉक्सीच्या तुलनेत फारच कमी असते. इपॉक्सीत हार्डनर ठरलेल्या प्रमाणातच घालावे लागते, लवकर वाळावे म्हणून जास्त घातले तर ते कधीच नीट घट्ट होत नाही. पुण्याच्या पावसाळी हवेत त्याच्यावर मेणचट थर येतो. पुढचा हात देण्याआधी तो साध्या पाण्याने आणि खरखरीत घासणीने धुऊन काढावा, नुसता पॉलिश पेपर मारल्यास तो आणखी पसरतो. शक्य असल्यास हे काम दिवाळीनंतर करा.

खिडकीची चौकट पूर्ण काढून ब्यूटिल टेपवर (मऊ, चिकट रबरी पट्टीवर) पुन्हा बसवा. बाहेरून सिलिकॉनची रेघ ओढू नका. ती रेघ वर्ष-दोन वर्षांत सुटते आणि सिलिकॉनचा अंश राहिलेल्या जागी दुसरे काहीही चिकटत नाही. काच ॲक्रिलिकची असेल तर थिनर किंवा पेट्रोलने पुसू नये, तिच्यावर बारीक तडे पडतात.

रंधा (भवानी पेठ)

सागवानाविषयी लिहितो, कारण आमच्या घराण्याचे हेच काम आहे. ती काळी वर्तुळे म्हणजे लाकडातील टॅनिन आणि लोखंडी स्क्रूचा गंज यांचा संयोग आहे. सागवान त्याने कुजत नाही, ते अजिबात टाकू नका. स्क्रू काढा, जुने वॉर्निश हीट गनने मऊ करून पातळ पात्याने खरवडा, मग ऑक्झॅलिक ॲसिडचे कोमट पाण्यातील द्रावण ब्रशने लावून वीस मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. डाग फिका होईपर्यंत दोन-तीनदा करावे लागेल. ते विषारी आहे, म्हणून हातमोजे घालावेत आणि वाळलेली पूड घासून उडवू नये. पुन्हा बसवताना ३०४ किंवा ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्क्रू वापरा; पुन्हा समुद्रात जाणार असाल तर ३१६च घ्या. मात्र भिंतींवर सागाचा केवळ पातळ थर असलेली प्लाय असेल तर तिच्यावर यंत्राने घासू नये, क्षणात थर निघून खालचे लाकूड दिसू लागते. हाताने, रेषेच्या दिशेने घासावे.

नवी प्लाय घेताना दुकानदाराच्या ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर जाऊ नका, तो शब्द बी.डब्ल्यू.आर. (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट) या मरीनपेक्षा खालच्या दर्जाच्या प्लायसाठीही सर्रास वापरतात. फळीवर आय.एस. ७१० हा भारतीय मानकाचा शिक्का पाहूनच घ्या. ती मरीन प्लाय, आणि तिच्या चिकटपणाची कसोटी ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून घेतात. टिंबर मार्केटमध्ये ती सहज मिळते. ओट्यासाठी किंवा कपाटासाठी कोणी एम.डी.एफ. (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) सुचवले तर स्पष्ट नकार द्यावा, एकदा फुगले की ते पूर्ववत होत नाही. वजनाचाही विचार करा. ८ बाय ४ फुटी १२ मिमी फळी सुमारे २५ किलो भरते, आणि अशा तीन-चार फळ्या एका बाजूला गेल्या तर २१ फुटी बोट पाण्यात तिरकी बसेल.

आणखी एक गोष्ट पुण्याची म्हणून सांगतो. येथे मार्च-एप्रिलमध्ये लाकूड इतके सुकते की तेव्हा घट्ट बसवलेली कपाटाची दारे जुलैत उघडत नाहीत. उन्हाळ्यात काम केलेत तर दाराभोवती ३ मिमी फट ठेवा.

टाका-दोरा (सहकारनगर)

मी गाद्या आणि आच्छादने शिवते. दोन-तीन बोटींचे काम केले आहे, म्हणून गाद्यांपुरते लिहिते. जुना फोम वाळवून पुन्हा वापरू नका, आतली बुरशी मरत नाही. झोपण्याच्या जागेला ४० घनतेचा साधा फोम चालेल. जेथे ओले कपडे घालून बसणार तेथे पाणी न शोषणारा बंद छिद्रांचा फोम घ्या. खोळीची खालची बाजू जाळीच्या कापडाची ठेवा म्हणजे हवा खेळेल, आणि शिलाई पॉलिएस्टरच्या दोऱ्यानेच करून घ्या, सुती दोरा दमट हवेत आधी कुजतो. पुढच्या त्रिकोणी बिछान्याचे माप टेपने घेऊ नका. बोटीची बाजू वर जाताना बाहेर झुकते, त्यामुळे गादीची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा रुंद असते. दोन्ही पातळ्यांचे कागदी साचे वेगवेगळे कापून आणावेत, आणि तेही आडभिंत व खिडक्यांचे काम पूर्ण झाल्यावरच.

गादीखाली सलग फळी असेल तर तिला २५ मिमीची भोके पाडून घ्या किंवा पट्ट्यांची जाळी करा. झोपलेल्या माणसाच्या अंगाची वाफ गादीच्या खाली जाऊन गार फळीवर पाण्याचे थेंब धरते; बोट गळत नसूनही गादी खालून ओली सापडते ती यामुळेच.

मुठाकाठ

तिघांचेही आभार. सुतारांना प्लाय ठोकू नये असे कळवले आहे. या आठवड्यात खिडकीची चौकट आणि कठड्याचे बोल्ट काढतो, कपाटाच्या पट्ट्या घरी नेऊन ऑक्झॅलिकचा प्रयोग आधी एका लहान तुकड्यावर करतो, आणि आडभिंतीला दिवाळीनंतर हात घालतो. छताचे रेक्झिन काढल्यावर मागच्या जुन्या तारा दिसतीलच. त्यांची छायाचित्रे येथे टाकीन, कारण नवे छत लावण्यापूर्वीच त्या बदलून घ्याव्यात असे वाटते.

जुनी गोदी

अवश्य टाका. त्या बदलायच्याच आहेत. तांब्याच्या तारेवर कथिलाचा मुलामा असलेलीच तार घ्या, मुख्य फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ ठेवा, आणि नवे छत चिकटवण्याऐवजी स्क्रूने सुटणाऱ्या तीन तुकड्यांत करा.