जुन्या नाण्यांना बोलीच येईना

मंडळी, मी नाशिकहून ऑनलाइन लिलावात जुनी नाणी विकते. पितृपक्ष लागल्यापासून सगळं थंड आहे. सहाव्या जॉर्जचा 1944 चा रुपयाही पडून आहे. सुरुवातीची बोली उतरवू का?

— ताई, घाई नको. नाण्याचं वजन 11.66 ग्रॅम, त्यात निम्मी चांदी आहे. तेवढ्या चांदीच्या भावाखाली अजिबात जाऊ नका. टांकसाळ मुंबईची की लाहोरची? खूण फोटोत जवळून दाखवा, जाणकार आधी तेच बघतो.

— आणि चिंचेने घासू नका हो! जुना रंग गेला की किंमत गेली. चांगला माल धनत्रयोदशीसाठी राखा, सध्या किरकोळ नाणी एकत्र लावा.

— भिंगातून बघितलं, लाहोरचा ‘एल’ आहे! फोटो आजच बदलते.