एफ ४०चा लाल रंग आणि आतलं हिरवट ग्लू

तामिया कंपनीच्या १/२४ मापाच्या (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढ्या) फेरारी एफ ४० मॉडेल किटचा लाल रंग मळकट येतो अशी तक्रार असते, तर राखाडी प्रायमरवर (रंगाखालच्या पहिल्या थरावर) लाल मारला की तसंच होतं, आधी गुलाबी प्रायमर मारा आणि मग लाल, पातळ पातळ ३-४ कोट, बघा कसा उजळतो. पण त्याच्याही आधी दरवाजे आणि बॉनेटच्या पॅनल लाइन्स (कडेच्या खाचा) स्क्राइबरने, म्हणजे रेषा कोरायच्या टोकदार हत्याराने, हलक्या हाताने खोल करून घ्या, नाहीतर रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक चकाकीचा थर) मिळून त्या बुजतात, आणि नंतर त्या रेषांत काळा नको, गडद ब्राऊन वॉश (खूप पातळ केलेला रंग) भरा, लालवर काळा फार खेळण्यासारखा दिसतो.

खरी मजा आत आहे. खऱ्या गाडीत वजन वाचवायला कार्पेट नाही, दाराला आतून हँडल नाही, नुसती ओढायची केबल, आणि पॅनल जिथे जोडलेत तिथे हिरवट ग्लू उघडं दिसतं! ते मी टूथपिकच्या टोकाने फिक्या हिरव्या रंगात काढलं, गाडी जेमतेम १८ सेंटीमीटरची पण तेवढ्यानेच जिवंत वाटायला लागली.

मागच्या पारदर्शक कव्हरला फेविक्विक अजिबात नको, पांढरी धुरकट झाक येते. साधं फेव्हिकॉल लावा, सुकल्यावर दिसतही नाही.

आणि पावसाळ्यात पुण्या-मुंबईच्या दमट हवेत लॅकर क्लिअर मारलात तर दुधाळ होतो, म्हणून कोरडा दिवस मिळेपर्यंत बॉडी डब्यात झाकून ठेवा आणि तोवर इंजिन करा, ट्विन टर्बो व्ही ८ आहे, वेळ घेतंच.