सिंथसारख्या बेससाठी ऑक्टेव्ह पेडल: कोणतं घ्यावं?

मंद्रसप्तक:
मंडळी, सल्ला हवाय. आमच्या बँडमध्ये कीबोर्डवाला नाही, आणि सध्या बसवतोय त्या गाण्यांत बेस सरळसरळ सिंथचा (सिंथेसायझरचा) आहे. जाड, गोल, सूर लागला की एकाच जाडीने टिकणारा आणि सोडला की चटकन बंद होणारा. माझी बेस गिटार पाच तारांची आहे. पेडलबोर्डवर कॉम्प्रेसर (आवाजाचा चढउतार सारखा करणारं) आणि फझ (आवाज फाडून खरखरीत करणारं) आहेत. एकच पेडल वाढवायचंय.

बघून ठेवलेली: बॉसचं ओसी-5, एमएक्सआरचं बेस ऑक्टेव्ह डिलक्स, इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं मायक्रो पॉग आणि त्यांचंच बेस मायक्रो सिंथेसायझर. व्हिडिओत सगळीच छान वाजतात, त्यामुळे ठरवता येत नाहीये. पॉलिफोनिक, म्हणजे एका वेळी अनेक सूर ओळखणारं, ते जास्त चांगलं असं धरून चालायचं का? आणि खालच्या बी तारेवर यातलं कोणतं नीट सूर पकडतं?

चौतारी:
पॉलिफोनिक म्हणजे जास्त चांगलं, हे सिंथच्या आवाजासाठी खरं नाही. तुम्हाला हवंय ते जुन्या पद्धतीचं, एका वेळी एकच सूर ओळखणारं ऑक्टेव्ह.

जुन्या अॅनालॉग पेडलमध्ये तारेच्या लहरी मोजल्या जातात आणि दर लहरीला सर्किट एकदा उलटतं, म्हणजे दोन लहरींची मिळून एक होते. वारंवारता निम्मी होते, म्हणजे सूर एक सप्तक खाली येतो. त्यातून जी लहर निघते तिच्यात तारेचा मूळ पोत फारसा उरत नाही. ती चौकोनी लहरीच्या जवळ जाते, आणि सिंथच्या ऑसिलेटरमधून, म्हणजे सूर तयार करणाऱ्या भागातून, अशाच साध्या लहरी निघतात. पॉगसारखं डिजिटल पेडल उलट तुमचाच आवाज जसाच्या तसा खाली किंवा वर नेतं. कॉर्ड वाजवा, तो नीट येतो. ऑर्गनसारखा थर हवा असेल तर ते उत्तमच. पण वाजतं ते बेस गिटारच, फक्त एका सप्तकाने सरकवलेलं.

आता बी तार. उघड्या बीची वारंवारता 30.9 हर्ट्झ. निम्मी केली की साधारण 15, म्हणजे माणसाच्या कानाच्या खालच्या मर्यादेच्याही खाली. उघडी ई 41.2, तिची निम्मी 20.6, आणि बहुतेक बेस कॅबिनेट तिथवर पोचतच नाहीत. त्यामुळे बी तारेवर सूर पकडतं का, या निकषावर पेडल निवडूच नका.

वाजवायची जागा वर न्या. ए तारेच्या सातव्या पडद्यावर ई धरा (82.4), पेडल खाली उघडी ई देईल. डी तारेच्या सातव्या पडद्यावरचा ए 110 चा, खाली 55. असं वाजवताना ड्राय (गिटारचा मूळ आवाज) पूर्ण शून्यावर ठेवा. ड्राय आणि खालचं सप्तक दोन्ही चालू असले की कान लगेच ओळखतो, की ही बेस गिटार आहे आणि तिच्यासोबत काहीतरी वाजतंय. ड्राय काढलं की गिटार गायब.

तुमच्या यादीतून मी ओसी-5 घेईन. त्यात व्हिंटेज मोड आहे, तो बॉसच्याच 1982 च्या ओसी-2 च्या वळणाचा, एका वेळी एकच सूर ओळखणारा. पॉली मोडही आहे, म्हणजे पुढेमागे तोही हाताशी राहील. एमएक्सआरमध्ये ग्रोल आणि गर्थ असे दोन नॉब आहेत, दोन्ही एकच सप्तक खाली. गर्थ गुळगुळीत, ग्रोल खरखरीत. पेडल सुंदर आहे, पण तुमच्या बेसखाली जाडी भरायला जास्त शोभतं.

फ्रेटलेस_प्रेमी:
ओसी-2 वापरलेलं मिळालं तर तेही बघा. 2003 ला त्याचं उत्पादन थांबलं आणि ओसी-3 आलं, पण आजही बेसवाले ते शोधत असतात. तीनच नॉब: दोन सप्तकं खाली, एक सप्तक खाली आणि मूळ आवाज. ऐंशीच्या दशकात बेसवादक पिनो पॅलाडिनो फ्रेटलेसवर (पडदे नसलेल्या बेसवर) ते वापरायचे. फ्रेटलेसची मींड आणि त्याखाली तो जाड सूर, हे कॉम्बिनेशन आजही तितकंच मोहक वाटतं.

एक लक्षात असू द्या. जुन्या नगांमध्ये अडॅप्टरचे दोन प्रकार आहेत. पेडलवर एसीए लिहिलंय की पीएसए, ते बघूनच पॉवर जोडा.

लो_पास:
चौतारींशी सहमत, पण अर्धं काम राहिलंय. ऑक्टेव्ह म्हणजे फक्त ऑसिलेटर. सिंथचा बेस ओळखू येतो तो फिल्टरमुळे, म्हणजे आवाजातला वरचा भाग कापणाऱ्या सर्किटमुळे. सूर सुरू होताना आवाज उघडतो आणि लगेच मिटत जातो, ती हालचाल.

एकच पेडल घ्यायचं असेल तर मी म्हणेन बेस मायक्रो सिंथेसायझर. खालचं सप्तक, मूळ आवाज, वरचं सप्तक आणि चौकोनी लहर, प्रत्येकाला वेगळा स्लायडर. शिवाय फिल्टर कुठून सुरू व्हावा, कुठे थांबावा, किती वेगाने जावा, हे सगळं हातात. अटॅकचा स्लायडर वर नेला की तारेची टिचकी ऐकूच येत नाही, सूर हळूच उगवतो. गिटारचा सुगावा लागतो तो मुख्यतः त्या टिचकीमुळेच. अडचण एवढीच, की गाण्यागणिक स्लायडर हलवावे लागतात आणि स्टेजवर ते जिकिरीचं होतं.

ओसी-5 च घेतलंत तर तुमच्याकडचं फझ त्याच्या पुढे जोडा, म्हणजे आधी ऑक्टेव्ह, मग फझ. उलट केलंत तर फझने भरलेल्या हार्मोनिक्समध्ये (मूळ सुराच्या पटीतल्या वरच्या सुरांमध्ये) ऑक्टेव्हला मूळ सूर सापडेनासा होतो. नंतर कधी एन्व्हलप फिल्टर (छेडण्याच्या जोरानुसार उघडणारा फिल्टर) आणलात तर तो शेवटी येईल. मात्र फझ आवाजाचा चढउतार सपाट करतं, त्यामुळे त्याच्यानंतरचा फिल्टर नीट उघडत नाही. फझचा गेन कमी ठेवा, नाहीतर ट्रिगरची (उघडण्याच्या इशाऱ्याची) वेगळी सोय असलेला फिल्टर शोधा.

मंद्रसप्तक:
खूप आभार, बरंच स्पष्ट झालं. ओसी-5 कडेच कल आहे, फिल्टर सवडीने घेईन. आज मित्राचं ओसी-2 लावून बघितलं. ए तारेवर सातव्या पडद्याच्या आसपास मस्त वाजतं, पण सूर लांबवला की शेवटी गुरगुरतं आणि मध्येच वरच्या सप्तकात उडी मारतं. पेडल बिघडलंय का? की कॉम्प्रेसर आधी लावू?

चौतारी:
पेडल ठीक आहे. आस (छेडल्यावर टिकणारा नाद) संपत आली की मूळ सूर क्षीण होतो, त्याच्या दुप्पट वारंवारतेचा हार्मोनिक वरचढ ठरतो आणि सर्किट तोच मोजायला लागतं.

कॉम्प्रेसर आधी लावून फरक पडेल, आस जरा लांबेल. पण पुढे एन्व्हलप फिल्टर आला की तोच कॉम्प्रेसर नडेल, कारण फिल्टरला बोटांचा जोर कळायला हवा. म्हणून आधी हात बघा. गिटारचा टोन नॉब बराच खाली, नेक पिकअप (मानेजवळचा) एकटा चालू, आणि उजवा हात ब्रिजकडून मानेकडे सरकवा. नखाऐवजी बोटाच्या मांसल भागाने, हलक्या हाताने छेडा. बाकीच्या तारा हाताने पूर्ण मुक्या केलेल्या हव्यात. त्यातली एक जरी गुणगुणली तरी पेडल गोंधळतं.

आणि गुरगुर सुरू व्हायच्या आतच डाव्या हाताने सूर तोडा. पडद्यावरून बोट उचलू नका, फक्त दाब काढा म्हणजे तार जागीच मरेल. पहिल्या पोस्टमधलं तुमचं "सोडला की चटकन बंद" ते इथूनच येतं. मेट्रोनोम संथ लावून एकाच सुरावर नोट आणि शांतता सारख्या लांबीची करून बघा, मग शांतता वाढवत न्या.

लो_पास:
+1. आणि त्या सरावात फझ बंदच ठेवा. ते चालू असलं की सूर नेमका कुठे तुटतोय ते ऐकू येत नाही.