क्लासमध्ये गुणांवरून बॅचेस पाडणं बंद व्हावं का?

अश्विनी, लातूर: विशाखापट्टणमला ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या 17 वर्षांच्या मुलीच्या मृत्यूप्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये देशभरासाठी निर्देश दिले. 100 किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे समुपदेशक नेमा, गुणांवरून बॅचेस पाडू नका, चारचौघांत अपमान करू नका. समुपदेशकाबद्दल सगळे बोलतात, बॅचेसबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. माझा भाचा इथे खोली घेऊन राहतो, मेसचा डबा खातो. चाचणीत मार्क घसरले की बॅच बदलते, बरोबरचे मित्रही सुटतात. सोळाव्या वर्षी घरापासून लांब असताना तेवढाच आधार असतो हो!

पालक_नांदेड: न्यायालयानेही बॅचेस ‘शक्यतो’ पाडू नका, असंच म्हटलंय. 2025 ला 22 लाखांवर मुलं नीटला बसली, एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. सगळ्यांना एकत्र बसवलं तर कच्च्या मुलाला काहीच कळत नाही, तो आणखी खचतो. समुपदेशक जरूर नेमा. पण वर्गात आत्महत्येचा विषय नको, नसलेलं डोक्यात शिरतं.

शाळेतील समुपदेशक: शेवटचं वाक्य पटत नाही. ‘जीव नकोसा वाटतो का?’ असं शांतपणे विचारल्याने धोका वाढत नाही, हे अभ्यासांतून दिसलंय. उलट मूल मोकळं होतं. झोप उडणं, जेवण तुटणं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, ‘मी नसलो तर बरं होईल’ म्हणणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी विचारा, त्याला एकटं सोडू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. बॅचेसबाबत मी अश्विनीताईंच्या बाजूची आहे. मूल माझ्याशी अर्धा तास बोलतं आणि बाहेर पडताच भिंतीवरची क्रमवारी बघतं, मग माझ्या बोलण्याचा काय उपयोग?

गावचा मास्तर: ताई, आमच्याकडे समुपदेशक म्हणजे पीटीचे सर. मुलाने सांगितलेलं संध्याकाळपर्यंत स्टाफरूमभर होतं. कोण बोलेल त्यांच्याशी?

शाळेतील समुपदेशक: हे सर्रास होतं आणि ते घातक आहे. जिवाला धोका असेल तरच पालकांना सांगायचं, तेही मुलाला आधी सांगून. बाकी आपल्यापाशीच ठेवायचं.

पालक_नांदेड: विचारण्याबद्दलचं मान्य, आज मुलाशी बोलतो. बॅचेसचं नाही. कच्च्यांना वेगळं शिकवावंच लागतं.

अश्विनी, लातूर: जरूर शिकवा, संध्याकाळी जादा तास घ्या. मार्क पालकांच्या मोबाइलवर पाठवा. पण भिंतीवर यादी कशाला?